ग्रंथालयातला पडदा

आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे अलीकडे एक अर्ज आला. बडोद्यातल्या आठ-दहा तरुण मुलामुलींचा एक गट आहे. नोकरी-शिक्षण सांभाळून, पदरचे पैसे घालून ही मंडळी लहान लहान चित्रपट तयार करतात. त्यांना येत्या हिवाळ्यात सहा रविवारी संध्याकाळी निवडक चित्रपटांचे खेळ करावयाचे आहेत, आणि त्यांच्या जोडीला दोन कार्यशाळा: एक चित्रपट पाहण्याची आणि एक करण्याची. त्यासाठी त्यांना मंडळाचे सभागृह हवे आहे.

अर्ज साधा होता, चर्चा मात्र लांबली. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "साहित्याच्या मंडळात सिनेमा कशाला? तो तर घरोघर आहे, आता खिशातही आहे." प्रश्न खोचक नव्हता. आमच्या पूर्वजांनी ही वास्तू पुस्तकांसाठी आणि व्याख्यानांसाठी उभी केली. परप्रांतात आपली भाषा टिकावी म्हणून पै-पै जमवून उभारलेल्या जागेत काय व्हावे आणि काय होऊ नये, याची काळजी वाहणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर घाईने देणे आम्हांला बरे वाटले नाही. थोडे मागे जाऊन पाहिले, तेव्हा जे सापडले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मागे जायचे तर फार लांब जावे लागत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुले वाचू लागली. पण शाळा सुटल्यावर वाचायचे काय? अमेरिकेच्या प्रवासात पाहिलेली सार्वजनिक ग्रंथालये महाराजांच्या मनात होती. त्यांनी विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून १९१० साली ग्रंथालय खात्याची सूत्रे त्यांच्या हाती दिली. पुढच्याच वर्षी येथे ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव धाडण्याची फिरती ग्रंथालये निघाली. १९१२ पासून 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांतून निघू लागले. हे सारे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. निदान त्यांच्या आजोबांना ठाऊक होते.

जे सहसा सांगितले जात नाही ते असे, की याच ग्रंथालय खात्यात दृश्यशिक्षणाची एक स्वतंत्र शाखा होती. तिच्याकडे जादूच्या कंदिलाच्या काचा होत्या, दोन डोळ्यांनी पाहावयाची उठावाची चित्रे होती आणि सिनेमाची यंत्रेही होती. ज्याला अक्षर येत नाही त्यानेही ग्रंथालयाच्या दारातून रिकाम्या हाती का जावे, एवढाच या शाखेमागचा विचार. खात्याचे कर्मचारी यंत्र घेऊन खेड्यांत जात आणि लोकांना चित्रे दाखवीत. तिकीट नसे. बॉर्डेन यांच्यानंतर या चळवळीची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी वाहिली आणि १९१९ साली तिचा वृत्तान्त इंग्रजी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या शहरात आपण बसलो आहोत, तेथे पुस्तकांचे कपाट आणि सिनेमाचे यंत्र एकाच खात्याच्या दप्तरी नोंदलेले होते, आणि त्या खात्यावर आपलाच एक माणूस होता. हे वाचल्यावर आमच्या ज्येष्ठ सभासदांनी चष्मा पुसला आणि "बरे, पुढे?" असे म्हटले.

दादासाहेब फाळके यांनी चित्रकला आणि छायाचित्रणाचे धडे बडोद्याच्या कलाभवनात, प्राध्यापक गज्जर यांच्या छायेत गिरवले, हेही येथे सांगता आले असते. पण फाळक्यांचे नाव अशा वेळी इतक्यांदा पुढे केले जाते, की त्यामागे दडून आपण स्वतः काहीच करीत नाही, अशी आम्हांला शंका येते. शिवाय आजचा प्रश्न चित्रपट कोणी केला हा नाही. तो एकत्र बसून पाहायला आणि त्यावर बोलायला कोणी शिकवले, हा आहे.

ते शिकवण्याचे काम आपल्या देशात फिल्म सोसायट्यांनी केले. मुंबईत स्वातंत्र्यापूर्वी असे एक-दोन प्रयत्न झाले होते. पण चळवळीचा खरा आरंभ मानला जातो तो ५ ऑक्टोबर १९४७ रोजी, सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्त यांनी मित्रांसह कलकत्ता फिल्म सोसायटी काढली तेव्हापासून. त्यांचा पहिला खेळ आयझेनश्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'चा होता. राय तेव्हा एका जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून नोकरीस होते. 'पथेर पांचाली' यायला अजून आठ वर्षे होती. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि मग मद्रास, दिल्ली व कलकत्त्यास गेला. 'बायसिकल थीव्ह्ज' आणि 'राशोमोन' आपल्याकडच्या अनेकांनी तेव्हा प्रथम पाहिले. मोठे कलावंत नसलेला, गाणी नसलेला, रस्त्यावर चित्रित केलेला चित्रपट इतका हलवू शकतो, हे पाहून पुष्कळांची झोप उडाली.

पण महोत्सव येतो आणि जातो. दर पंधरवड्याला एक खेळ, ठरलेली वर्गणी, ठरलेली खोली, खेळानंतर चहा आणि वादविवाद, हे वर्षानुवर्षे चालवणे निराळे. आणि येथेच आम्हांला ती व्यक्ती भेटली, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

विजया मुळे यांचा जन्म १९२१ साली मुंबईत झाला. लग्न होऊन १९४० साली त्या पाटण्यास गेल्या. आमच्या वाचकांपैकी किती घरांत अशी एक आजी होऊन गेली असेल! पतीच्या नोकरीमागून पेटी-वळकटी घेऊन अनोळखी मुलखात उतरलेली, भाजीवाल्याशी हिंदी आणि देवाशी मराठी बोलणारी. अशा बायकांनी नव्या शहरात संसार मांडला, हळदीकुंकवे केली आणि बहुतेकींच्या बाबतीत कहाणी तेथे संपली. विजयाबाईंची संपली नाही. पाटणा विद्यापीठात स्त्रियांना घरी अभ्यास करून परीक्षा देण्याची मुभा होती, तिचा लाभ घेऊन त्यांनी पदवी मिळवली. पाटण्यात रविवारी सकाळी सवलतीच्या दरात इंग्रजी चित्रपट लागत. ते त्या पाहू लागल्या. १९४६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर शिक्षणशास्त्राच्या उच्च अभ्यासासाठी त्या इंग्लंडमधील लीड्सला गेल्या. युद्धाने पिचलेल्या त्या देशात सारे काही शिधापत्रिकेवर मिळत होते. विद्यापीठाच्या फिल्म सोसायटीत मात्र जगातले चित्रपट मुबलक होते.

परत आल्यावर पाटण्यात त्यांनी फिल्म सोसायटीच्या कामाला हात घातला. १९५४ साली केंद्रीय शिक्षण खात्यातल्या अधिकारपदावर त्या दिल्लीला गेल्या आणि तेथेही समविचारी मंडळी जमवून सोसायटी उभी केली. तिकडे कलकत्त्याचा गट मध्यंतरी विस्कळीत होऊन पुन्हा सावरला होता. मुंबई, मद्रास, रुरकी येथेही गट होते. प्रत्येकाची अडचण तीच: चित्रपटाची प्रत मिळवायची कोठून, आणि एका खेळासाठी तिचा खर्च सोसायचा कसा? सहा गटांनी मिळून एकच प्रत आळीपाळीने फिरवली, तर तो खर्च सहा ठिकाणी वाटला जाईल, हे उत्तर कोणत्याही भिशी चालवणाऱ्या गृहिणीला सुचले असते. १३ डिसेंबर १९५९ रोजी कलकत्ता, दिल्ली, मुंबई, मद्रास, पाटणा आणि रुरकी अशा सहा सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. सत्यजित राय अध्यक्ष झाले आणि १९९२ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते पद त्यांच्याकडेच राहिले. उपाध्यक्षांत अम्मू स्वामिनाथन होत्या, म्हणजे गुजरातेत सर्वांना परिचित असलेल्या मृणालिनी साराभाई यांच्या मातोश्री. संयुक्त चिटणीस दोन: चिदानंद दासगुप्त आणि विजया मुळे.

चिटणीसाचे काम म्हणजे काय, हे ज्यांनी एखादे मंडळ चालवले आहे त्यांना सांगायला नको. अध्यक्षांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर असते. पत्रे चिटणीस लिहितो. वकिलातींकडे विनवण्या करायच्या, करमणूक कर माफ व्हावा म्हणून अर्ज करायचे, सभासदांपुरत्या खेळांना सेन्सॉरच्या तपासणीतून सूट मिळावी म्हणून खेटे घालायचे. पुढे या सवलती मिळाल्या आणि त्यांच्या आधारावरच देशभर शेकडो सोसायट्या उभ्या राहिल्या. मुंबईत १९६८ च्या जुलैत 'प्रभात चित्र मंडळ' स्थापन झाले आणि सुधीर नांदगावकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी मराठीतून चित्रपटाविषयी गंभीरपणे बोलण्याची सवय लावली, तीही याच पायावर.

चित्रपटवर्तुळात विजयाबाईंना सारे 'अक्का' म्हणत. पुढे त्यांनी स्वतःही चित्रपट केले. १९७४ चा 'एक, अनेक और एकता' हा सात-आठ मिनिटांचा बोधपट दूरदर्शनवर पाहिला नाही असे त्या पिढीतले मूल विरळा. चिमण्या आणि पारध्याच्या जाळ्याची ती गोष्ट. त्याचे संगीत वसंत देसाई यांचे होते, चित्रांचे सजीवीकरण भीमसेन यांचे आणि बालआवाज साधना सरगम यांचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका मराठी बाईने हिंदीत केलेल्या या छोट्या पटाने एकीचा अर्थ जेवढ्या मुलांपर्यंत पोचवला, तेवढ्यांपर्यंत आमची सगळी संमेलने मिळूनही पोचली नसतील. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना, २०१० साली, परदेशी चित्रपटांतून भारत कसा दिसला यावर त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. मे २०१९ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या. आमच्या या पत्रिकेने त्यांची दखल तेव्हा घेतली नाही. ती चूक आमची.

आता त्या काळच्या खेळाविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण अर्ज करणाऱ्या मुलांनी तो पाहिलेला नाही. सोसायट्यांची भिस्त प्रामुख्याने १६ मिलिमीटरच्या प्रतींवर असे. थिएटरातले ३५ मिलिमीटरचे अवजड यंत्र शाळेच्या वर्गात नेता येत नाही. हे लहान यंत्र टांग्यातूनही जाई. चित्रपट पत्र्याच्या गोल डब्यांतून, रेल्वेच्या पार्सलने येई. स्टेशनावर डबे उतरवून घ्यायला कोणीतरी सायकल घेऊन हजर राहायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते पुढच्या गावी रवाना करायचे. उशीर झाला की पुढच्या गावचा खेळ बुडाला. सोळाशे फुटांचे एक मोठे रीळ सुमारे ४४ मिनिटे चाले. यंत्र एकच असले की रीळ बदलताना दिवे लावावे लागत. ती पाच मिनिटे सोसायटीचा प्राण होती, असे आमचे मत आहे. कथा अर्ध्यावर तुटलेली, दिवे लागलेले, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे पाहणे भाग. "तुम्हांला काय वाटते, तो सायकल चोरेल?" असे प्रश्न तेव्हा विचारले जात, आणि मैत्र्या जुळत. आज चित्रपट मध्ये थांबत नाही. थांबवावासा वाटला तर आपणच थांबवतो, पण तेव्हा शेजारी कोणी नसते.

प्रती मिळण्याचा प्रश्न पुष्कळसा सुटला तो पुण्यामुळे. प्रभात कंपनीच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी तेथे आयुष्य वेचले. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची उरलीसुरली रिळे त्यांनी फाळके कुटुंबाकडून मिळवून जपली. संग्रहालयाने चित्रपट नुसते कुलुपात ठेवले नाहीत, सोसायट्यांना पाहायला दिले. येथे पुन्हा तो बडोद्याचा जुना विचार आठवतो: संग्रह वाटण्यासाठी असतो. २०२२ साली हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले.

कार्यशाळांचा इतिहासही पुण्याशीच बांधलेला आहे. सतीश बहादूर हे आग्र्यात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांसाठी फिल्म सोसायटी चालवता चालवता चित्रपट हाच त्यांचा विषय झाला आणि ते पुण्याच्या संस्थेत रसास्वाद शिकवू लागले. आयझेनश्टाइनच्या आणि पुढे सत्यजित राय यांच्या चरित्रकार मेरी सिटन १९५० च्या दशकापासून भारतभर व्याख्याने देत हिंडत होत्या. या दोघांच्या प्रयत्नांतून १९६७ साली चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम उभा राहिला. शिक्षक, कारकून, डॉक्टर, गृहिणी, कोणीही त्यात यावे. बहादूर सरांची रीत अशी, की एखादा प्रसंग दाखवायचा, त्यावर बोलायचे, आणि तोच पुन्हा दाखवायचा. कवितेची ओळ जशी पुन्हा वाचावी तशी. साहित्याच्या मंडळात ही रीत परकी वाटायचे कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या ओवीपाशी तास-तास थांबणारी मंडळी आमच्याकडे अजून आहेत.

ही रीत शहरापुरती राहिली नाही. शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम्' संस्थेने १९७३ मध्ये चित्रपटाचे मंडळ काढले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बहादूर आणि नायर तेथे जाऊन रसास्वादाचे शिबिर घेऊ लागले. सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांनी 'राशोमोन' आणि 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिले आणि त्यांवर चर्चा केली. पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्यापैकी काही जण ते चित्रपट आठवून सांगतात, हे शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या नायर यांच्यावरील २०१२ च्या माहितीपटात दिसते. 'लोकांना कळणार नाही' हे वाक्य बहुधा ज्याने दाखवलेलेच नाही तो उच्चारतो.

इतके सगळे असूनही सोसायट्या ओसरल्या. कारणे सांगताना सहसा दूरदर्शन, व्हिडिओ आणि मग तबकड्या यांच्यावर बोट ठेवले जाते, आणि ते खरेच आहे. पण आणखी एक कारण आम्ही लपवू इच्छीत नाही. सेन्सॉरची कात्री न लागलेले परदेशी चित्रपट फक्त सोसायटीतच दिसत, म्हणून सभासद झालेल्यांची संख्या मोठी होती. असा खेळ असला की सभागृह भरे, आणि पुढच्या खेळाला बंगाली खेडे दिसले की खुर्च्या रिकाम्या पडत. ही गर्दी म्हणजेच चळवळ, असा कार्यकर्त्यांचाही समज झाला. ते आकर्षण दुसरीकडे मिळू लागताच गर्दी गेली, आणि उरलेली चार माणसे सभागृहाचे भाडे भरू शकली नाहीत. प्रतींचीही दशा झाली. ॲसिटेटची फीत जुनी झाली की कुजू लागते आणि तिला व्हिनेगरचा आंबट वास येतो. ज्यांनी असा डबा उघडला आहे त्यांना तो विसरता येत नाही.

हा सारा वृत्तान्त कार्यकारिणीपुढे ठेवल्यावर सभागृह द्यावयाचे ठरले. भाडे माफ झालेले नाही, निम्मे झाले आहे. वीज आणि झाडलोट मुलांनी पाहायची आहे. पहिला खेळ 'पथेर पांचाली'चा व्हावा, असे मुलांचे आणि आमचे एकमत झाले, कारण तो मुळात विभूतिभूषणांच्या कादंबरीतून आला आहे आणि त्या निमित्ताने पुस्तकही बोलण्यात येईल. चित्रपटांच्या हक्कदारांची परवानगी मागण्याची पत्रे लिहून होत आहेत. परवानगीवाचून एकही खेळ होणार नाही. 'एक, अनेक और एकता' लहान मुलांसाठी दुपारी दाखवावा, असा आमचा आग्रह आहे. शेवटच्या रविवारी ही मुले आपले स्वतःचे लघुपट दाखवतील. त्यांपैकी एक मांडवीजवळच्या जुन्या मराठी वाड्यांवर आहे आणि त्यातले निवेदन मराठीत आहे. ते निवेदन लिहिणाऱ्या मुलीला मराठी बोलता येते, लिहिता येत नाही. तिने ते गुजराती लिपीत लिहून वाचले. हे ऐकून कार्यकारिणीत दोन क्षण कोणी काही बोलले नाही.

खेळ मध्येच एकदा थांबवून दिवे लावावेत, अशी सूचना आम्ही केली होती. मुलांना ती विचित्र वाटली, पण त्यांनी मान्य केली. चहा त्याच वेळी मिळेल.

आपल्या घरी जुन्या फिल्म सोसायट्यांची सभासदपत्रे, खेळांची पत्रके, वर्गणीच्या पावत्या किंवा टिपणवह्या असतील, तर त्या रद्दीत जाण्यापूर्वी मंडळाच्या ग्रंथपालांकडे आणून द्याव्यात. नाट्यविभागाच्या कपाटातला खालचा खण त्यासाठी रिकामा केला आहे. देणाऱ्यांच्या नावांची वही पहिल्या खेळाच्या दिवशी दाराशी ठेवलेली असेल. ज्या ज्येष्ठांना फार वेळ बसवत नाही त्यांच्यासाठी दारालगतच्या चार खुर्च्या राखून ठेवण्यास सांगितले आहे. त्यांपैकी एक, "साहित्याच्या मंडळात सिनेमा कशाला?" असे विचारणाऱ्या आमच्या सभासदांनी आधीच मागून घेतली आहे.